लाल दिव्याखालचे हात

मी एक जुना लाल दिवा आहे. मंत्र्यांच्या गाडीवर मिरवणारा नव्हे हो! त्या भावंडांशी माझे कधी पटले नाही. ती आली की लोकांना बाजूला व्हावे लागे. मी एका वृत्तवाहिनीच्या स्टुडिओच्या दारावर होतो. मी लागलो की लोक आपण होऊन गप्प होत, कारण आत कुणीतरी बातम्या वाचत असे.

मित्रांनो, पत्र्याची पेटी, पुढे लाल काच आणि आत एक बल्ब, एवढाच माझा संसार. मला दारावर बसवले तेव्हा कॅमेरावाल्या दादाने शिडी धरली होती. मेकअप करणाऱ्या मावशींनी ओल्या फडक्याने माझी काच पुसली आणि म्हणाल्या, "नीट काम कर रे बाबा. तुझ्यावर सगळ्यांचा भरवसा आहे."

मीही तो भरवसा जपला. माझ्याखालून लोक चपला हातात घेऊन जात. एकदा खुद्द मालकांना शिंक आली, तीसुद्धा त्यांनी गिळली. त्या दिवशी मी जरा फुगलो होतो, खोटे कशाला बोलू!

पुढे मालकांचे मेहुणे मंत्री झाले आणि वाहिनीचे दिवस पालटले. मालक आपली शिंक गिळत होते, पण मेहुण्यांची शिंक ही ठळक बातमी झाली. फीत कापली, बातमी. फीत कापायला उशीर झाला, तरी बातमी. कामाच्या वेळा लांबत गेल्या आणि हक्काची सुट्टी कधी मिळेल याचा नेम राहिला नाही. एका सुट्टीच्या दिवशी दादाला फोन आला की मंत्र्यांच्या नातवाचा वाढदिवस आहे, कॅमेरा घेऊन ये. दादा म्हणाला, "माझ्या मुलीचाही आजच आहे." दुसऱ्याच दिवशी त्याला नोटीस मिळाली. महिनाअखेर नोकरी संपणार होती.

तेव्हा सगळ्यांनी ठरवले की आता आपली संघटना हवीच. एकट्याला कुणीही काढील, सगळ्यांना कसे काढतील? पण जमायचे कुठे? 'दुरुस्ती'च्या नावाखाली कॅन्टीनला कुलूप लागले होते. राहिला माझ्याखालचा बोळ. दुपारी पाळी बदलताना येणारे आणि जाणारे तिथे थोडा वेळ भेटत.

पहिल्या दिवशी दादाने बोलायला तोंड उघडले आणि मी लागलो. सवयीप्रमाणे सगळे चिडीचूप! मी विझलो तोवर पाळी सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. हल्ली तातडीच्या बातम्या केव्हाही सुरू होतात, असे व्यवस्थापकांनी आधीच सांगून ठेवले होते. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. खरे काय ते मला माहीत होते. माझे बटण गुपचूप व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेले होते. आत खुर्ची रिकामी होती आणि बाहेर मी ढळढळीत खोटे सांगत होतो. मला इतका संताप आला की बल्ब फुटून जावा असे वाटले. माझ्या माणसांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबायला हात माझा!

बातम्या वाचणारी ताई या सगळ्यापासून लांब राहिली होती. "मला यात ओढू नका, दादा," ती म्हणाली होती. "ह्यांची सरकारी नोकरी. मंत्र्यांच्या एका फोनवर कुठेही बदली होईल." दादाने तिला पुन्हा विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी बोळ गच्च भरला होता. दादा उभा राहिला आणि मी लागलो. सगळ्यांनी पुन्हा मूग गिळले. आणि मित्रांनो, मी लागलेला असताना कधीही न उघडणारे दार आतून उघडले. हातात चहाचा कप घेऊन ताई बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिले, मग गप्प उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिले. तिच्या लक्षात सगळे आले. ती मुकाट्याने परत आत जाऊ शकली असती.

"आत मी एकटी चहा पितेय," ती म्हणाली. "कॅमेऱ्यावर खोळ आहे. मग बातम्या वाचतंय कोण?"

आधी मावशींना हसू फुटले, मग साऱ्या बोळाला. व्यवस्थापक धावत आले. "शांतता! दिवा दिसत नाही का?"

"दिसतो की," मावशी म्हणाल्या. "आत्ताच नीट दिसला."

दादाने खणखणीत आवाजात विचारले, "संघटना कुणाकुणाला हवी?" भराभर हात वर गेले. ताईने कप डाव्या हातात घेतला आणि उजवा वर केला. मला विझवायला केबिनमध्ये कुणी नव्हतेच. मी तसाच लागून राहिलो आणि ते सगळे हात माझ्या उजेडात लाल दिसत होते.

दुसऱ्या दिवशी एकाही कॅमेऱ्याची खोळ निघाली नाही. मंत्र्यांचे भाषण झाले, पण आमच्या वाहिनीवर दिसले नाही. संध्याकाळी दादाची नोटीस मागे घेतली गेली. जगभरचे मोर्चे दाखवणाऱ्या वाहिनीने दारातली ही बातमी मात्र दिली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! ताईला पडद्यावरून काढले, तिच्या नवऱ्याची बदली झाली. मालक अजून संघटनेला मानत नाहीत, खटला चालू आहे. ताई रोज कामावर येते आणि सगळ्यांच्या आधी येते.

शिक्षा मलाही झाली. मला उपटून भंगारात टाकले. मावशींनी मला पिशवीत घालून बाहेर काढले. आता मी संघटनेच्या भाड्याच्या खोलीत आहे. काचेला तडा गेला आहे, पण मावशी ती अजून पुसतात. इथे माझे बटण टेबलावर, सगळ्यांच्या हाताशी असते. ज्याला बोलायचे तो ते दाबतो आणि बाकीचे ऐकतात.

मित्रांनो, माझ्यासारखा दिवा दिसला तर जरूर गप्प बसा. दुसऱ्याचे ऐकून घेणे ही चांगली सवय आहे. पण फार वेळ गप्प बसवले, तर दार ढकलून आत बघा. आत कुणीच बोलत नसेल, तर तुम्ही बोला.