उंबऱ्याच्या आतला मानकरी

"उंबऱ्याबाहेर पाय नाही टाकायचा, एवढंच," हवालदार भिमाजी खुर्ची ओढत म्हणाला. "बाकी घर तुमचंच आहे."

दस्तगीर मुलाण्याने मान डोलावली. मग जरा विचार करून म्हणाला, "आन् संडास परसात हाय, त्याचं काय?"

भिमाजीने नोटीस पुन्हा वाचली. तिच्यात संडासाचा उल्लेख नव्हता. "परस घरातच धरू," तो उदारपणे म्हणाला. "पण देवळाकडं तोंड करून बसू नका."

"दार देवळाकडंच हाय, सायेब."

"मग डोळे मिटा."

म्हसोबाच्या जत्रेचा दिवस होता. गावात मुलाण्याचं घर एकच. एरवी दस्तगीर कामशेतच्या बाजारात कोंबड्या विकायचा. जत्रेला मात्र तो मानकरी. म्हसोबाचं पहिलं बकरं मुलाण्याने बिस्मिल्ला म्हणून कापायचं आणि संध्याकाळी पालखीपुढे गावाने त्याला फेटा बांधायचा, ही रीत त्याच्या आज्याच्याही आधीची. म्हसोबाने कधी हरकत घेतली नव्हती. यंदा ती पप्पूच्या उत्सव समितीने घेतली. देवाचं बकरं आपल्याच माणसाने कापायचं, असा अर्ज ठाण्यात गेला. तणाव नको म्हणून साहेबांनी सोपा मार्ग काढला. अर्ज करणारे पुष्कळ होते, मुलाणी एकच होता. त्यालाच दिवसभर घरात बसवला.

"पण तणाव आलाय कुणाला?" दस्तगीरच्या बायकोने, हमीदाने, चहा देता देता विचारलं.

"वैनी, ते वर विचारलं पाहिजे," म्हणत भिमाजीने चहा बशीत ओतला.

सवयीने दस्तगीरने पहाटेच सुरीला धार लावली होती. ती फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवताना त्याचा हात रेंगाळला. मानाचं असं असतं, एका वर्षी चुकला की पुढच्या वर्षी कुणी विचारत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी डीजे मध्येच बंद पडला. पाठोपाठ गावातली म्हातारी झुंबरबाई आपल्या बकऱ्याचं दावं ओढत दारात हजर.

"ए दस्तू, हाईस का घरात?"

"घरातच हाय, मावशी. सरकारनं जपून ठिवलंय."

"आरं, त्या पप्प्यानं सुरी उचलली आन् रगात दिसायच्या आदीच आडवा झाला! बकरं हुबं, पप्प्या आडवा. कांदा हुंगवून उठवला त्याला. हारासकट बकरं गेलं डीजेच्या वायरी तोडत."

दस्तगीर हसला नाही. त्याने फक्त मिशीवरून हात फिरवला. तो बराच वेळ फिरवावा लागला.

"माज्या नातवाचा नवस हाय," झुंबरबाई म्हणाली. "मुलाण्याचा हात लागल्याबिगर आमच्यात कोण ताटावर बसत न्हाई. ऊठ."

भिमाजी आडवा आला. "आजी, त्यांना बाहेर सोडता येत नाही."

"भाईर कोण बोलावतंय? बकरं आत घालते की. बकऱ्याला बंदी हाय का?"

भिमाजीने नोटीस काढली, उलटीसुलटी केली. "बकऱ्याचं नाव नाही," तो पुटपुटला.

"आन् परस घरातच धरायचं, हे तुमीच म्हणलाय, सायेब," दस्तगीर आतून नम्रपणे म्हणाला.

बकरं स्वयंपाकघरातून परसात गेलं. त्याच्यामागे दुसरं, मग तिसरं. घटकाभरात रांग हातपंपापर्यंत पोचली. एकाने हमीदाची कोथिंबीर खाल्ली, एकाने पिठाच्या डब्यात तोंड घातलं. "माजं घर हाय का कोंडवाडा!" ती ओरडत होती आणि एकेकाला पाणीही पाजत होती. पुढे घुसणाऱ्यांवर भिमाजी शिट्टी वाजवत होता. बंदोबस्त असा मनापासून त्याने यापूर्वी केला नसावा.

रांगेच्या शेवटी पप्पू, डोक्यावर ओला टॉवेल, हातात बकऱ्याचं दावं.

"चाचा," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "हे समितीचं न्हाई. घरचं हाय."

"आन आत," दस्तगीर म्हणाला. "पर तू भाईरच थांब. दोघं आडवं झाल्यावर मी कुणाला बगू?"

संध्याकाळी झुंबरबाई फेटा घेऊन आली. "गाव तुला तितं बोलवंना," ती म्हणाली, "पर फेटा तुजाच हाय."

लांबलचक फेटा. दुसऱ्याने टोक धरून ताणल्याशिवाय त्याच्या चुण्या बसत नाहीत. दरवर्षी ते टोक देवळाच्या पायरीवर गावचे पाटील धरायचे. आज हमीदा टोक धरून मागे मागे सरकत गेली आणि भिंतीला टेकली. घर संपलं, फेटा उरला.

भिमाजी उठला. त्याने टोपी सारखी केली, हमीदाच्या हातातलं टोक घेतलं आणि उंबरा ओलांडून मागे मागे थेट रस्त्यापर्यंत गेला.

"सायेब, फेटा उंबऱ्याभाईर गेला," दस्तगीर म्हणाला.

"फेट्याचं नाव नाही नोटिशीत. बांधा तुम्ही."

बंदोबस्ताच्या सोयीसाठी पालखी यंदा वरच्या आळीने नेली होती. ढोल तेवढा ऐकू येत होता. फेटा बांधून दस्तगीर उंबऱ्याच्या आत, पालखी समोर असल्यासारखा, छातीवर हात ठेवून उभा राहिला. आवाज वळणावर बारीक होत गेला. तो पुरता विरेपर्यंत दस्तगीर बसला नाही.

बाहेर खुर्ची रिकामीच होती. भिमाजीही बसला नव्हता.