साडेचारला उठणारी पोर

पहाटे साडेचारला शिवांजली उठायची. गजर लावून उठणाऱ्या माणसांचीसुद्धा पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं होतात, हिची होत नसत. अडीच वर्षांची पोर, पण एकदा डोळे उघडले की उघडले. उठून बसायची, तोंडावरच्या झिपऱ्या मागं सारायची आणि आईच्या गालावर थापटून विचारायची, "आई, उदालं?"

उजाडलेलं नसायचंच. बाहेर कुत्रीसुद्धा झोपलेली असायची.

प्रांजलला खरं तर बोलायला जागा नव्हती. ही सवय तिनंच लावलेली. दारात म्हैस होती तोवर साडेपाचला डेअरीची गाडी रस्त्यावर यायची, त्याआधी धार काढावी लागे. घरात दुसरं माणूस नाही. सासू लग्नाआधीच गेलेली आणि नवरा, रविराज, द्राक्षबागेत फवारणी करायला अंधारातच बाहेर पडायचा. मग शिवूला काखोटीला मारून प्रांजल गोठ्यात जायची. पोर पेंडीच्या पोत्यावर शाल गुंडाळून बसायची. आई धार काढायची आणि बादलीत फेस चढला की पहिली वाटी शिवूची. ओठांवर पांढऱ्या मिशा घेऊन ती हसायची, आणि प्रांजलही हसायची. दिवसभरात दोघींचं स्वतःचं म्हणावं ते तेवढंच होतं.

पुढं प्रांजलला दुसऱ्यांदा दिवस गेले. आठव्या महिन्यात रविराजनं म्हैस विकली आणि दिवाळीच्या तोंडावर राजवर्धन झाला, तोही सिझरनं. डेअरीच्या गाडीचा हॉर्न आता दुसऱ्याच्या दारात वाजायला लागला. पण पोरीच्या अंगातली साडेचारची वेळ काही गेली नाही. ती कशी जाणार? म्हशीचं दावं सोडलं म्हणून लेकराची सवय सुटत नाही.

राजवर्धनचं सगळं उलटं. त्याची रात्र म्हणजे दिवस. बारा, दीड, तीन. तीनला पाजून, ढेकर काढून, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारता मारता चार वाजायचे. मग प्रांजल टाके सांभाळत हळूच अंग टाकायची. डोळा लागतो न लागतो तोच गालावर थाप पडायची. "आई, उदालं?" त्या आवाजानं बाळ दचकून उठायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

करायचं ते सगळं करून झालं. दुपारची झोप बंद केली, तर पोर संध्याकाळी ताटावर पेंगायची आणि साडेचारला टक्क जागी व्हायची. रात्री उशिरा निजवली तरी साडेचार. खिडकीला जाड चादर लावली. मोबाइलवर गाणी लावून दिली, तर गाण्यानं बाळ उठलं. "म्हस न्हाई आता, शिवू," ती रोज समजावायची. पोर सगळं ऐकून घ्यायची आणि मांडणीवरची आपली वाटी घेऊन यायची. रविराजनं दोन दिवस तिला बागेत नेऊन पाहिलं. औषधाच्या वासात एवढंसं लेकरू ठेवणार कुठं? तिसऱ्या दिवशी पोर परत घरी. "लहान हाय, सुटंल सवय," असं म्हणून तो बागेची वाट धरायचा. त्याला धरायला वाट तरी होती.

मार्गशीर्षातली एक पहाट. बाळाला सर्दी झालेली, प्रांजलच्या डोळ्याला तीन रात्री डोळा लागलेला नव्हता. चारला कसंबसं बाळ निजलं. साडेचारला थाप पडली, "आई..." एवढंच आलं आणि प्रांजलचा हात गेला. पोरीच्या तोंडावर तिनं पंजा दाबला. चांगला जोरात दाबला.

"गप! बाळ उठंल. येक शब्द काढू नगंस!"

किती वेळ दाबला, तिचं तिलाच कळलं नाही. हात काढला तेव्हा शिवूच्या गालावर बोटं उमटलेली होती. पोर रडली नाही. रडली असती तर पोटाशी तरी घेता आलं असतं. ती नुसती आईकडं बघत राहिली, आणि प्रांजलला स्वतःच्या हाताची भीती वाटली.

उजाडल्यावर तिनं म्हसवडला माहेरी आईला, बनुबाईला, फोन लावला. "आये, हिला घिऊन जा. माझ्या हातनं कायतरी हुईल."

बनुबाईनं जास्त विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीनं आली, नातीचे चार कपडे पिशवीत भरले. "थोरल्याला आजोळी न्हेत्यातच की गं," ती म्हणाली. "तुझ्या भावाच्या टायमाला तुलाबी ठिवली हुती माझ्या आयकडं. मेलीस का?"

प्रांजल मेली नव्हती हे खरं. पण ते दिवस कसे गेले हे आईनं कधी तिला विचारलं नव्हतं, आणि तिनंही कधी सांगितलं नव्हतं.

तासगावच्या स्टँडवर शिवू आजीच्या कडेवरून आईकडं हात पसरायला लागली. गाडी लागलेली, कंडक्टर घाई करत होता. तेव्हा प्रांजलनं तिची हनुवटी धरून सांगितलं, "आजीकडं गप झोपायचं. उजाडंपातूर उठायचं न्हाई, वरडायचं न्हाई. श्यानी झालीस की मी न्यायला येती. व्हय?" लेकरांना आपण दिवसाला दहा थापा मारतो, त्यातलीच ही एक. शिवूनं मान हलवली.

आता घरात पहाटे शांतता झाली. प्रांजलनं त्या शांततेत झोपून घ्यावं की नाही? पण साडेचार वाजले की हिचेच डोळे उघडायचे. बाळ गाढ झोपलेलं, गालावर थाप नाही, आणि झोप गेली ती गेलीच. मांडणीवर वाटी पालथी होती. ती उचलून आत ठेवायचं तिच्या जिवावर यायचं.

रोज संध्याकाळी फोन. "आये, उठती का गं पाटंची?"

"छ्या! सातपातूर हालत न्हाई. लय गुणाची पोर. तुलाच निजवाय येत न्हवतं."

प्रांजलला बरं वाटायचं आणि त्याच वेळी आत काहीतरी कुरतडायचं. आईजवळ निजेना ती पोर आजीजवळ निजते. म्हणजे दोष पोरीत नव्हताच. मग तिला वाटायला लागलं, पोर आपल्याला विसरली तर?

माघ लागला आणि बागेतली फवारणी थांबली, तेव्हा रविराज सगळ्यांना घेऊन म्हसवडला निघाला. बाळाला सिद्धनाथाच्या पायावर घालायचं होतं, पण प्रांजलचा जीव लागला होता शिवूकडं. दारात पोचल्यावर तिनं हात पसरले. शिवू आजीच्या पदरामागं गेली. तिथून एका डोळ्यानं बघत राहिली. सगळे हसले. प्रांजलही हसली, कारण न हसून करते काय? जेवताना पोरीनं पाणी मागितलं तेही आजीच्या कानात.

रात्री बनुबाईनं तिघांना एका अंथरुणावर घातलं. एका अंगाला बाळ, एका अंगाला शिवू, मधे प्रांजल. पोर पाठ करून निजली. "बघ आता सकाळी," बनुबाई म्हणाली, "हाका मारून दमशील."

साडेचारला प्रांजलला नेहमीसारखी जाग आली. बाळ झोपलं होतं. झिरोच्या बल्बचा मिणमिणता उजेड होता. पांघरूण नीट करावं म्हणून ती शिवूकडं वळली.

शिवू जागी होती.

उताणी पडलेली, डोळे टक्क उघडे, पत्र्याकडं लागलेले. आणि स्वतःचा हात स्वतःच्या तोंडावर गच्च दाबून धरलेला.

सातपर्यंत हालत नाही, असं आई म्हणायची ते खोटं नव्हतं. पोर हालतच नव्हती. दीड महिना, रोज पहाटे, अंधारात, अशी.

"शिवू," ती कुजबुजली. "कवा उठलीस, बाळा?"

पोरीनं घाईघाईनं डोळे मिटून घेतले. हाताआडून बारीक आवाज आला, "मी झोपलीय."

प्रांजल तो हात सोडवायला गेली. सुटेना. एवढ्याशा बोटांत एवढी ताकद कुठून आली होती कोण जाणे. "सोड गं. हाक मार मला. मोठ्यानं मार. समदी उठली तरी उठू देत."

शिवूनं डोळे किलकिले केले. आधी बाळाकडं बघितलं, मग आईकडं. "मी रोज झोपली," ती म्हणाली. "आता न्हेशील?"

प्रांजलला हुंदका आला. तिनं तो दाबायला बघितलं, पण आवरला नाही, सगळं अंग हलायला लागलं. शिवू उठून बसली. झिपऱ्या मागं सारल्या. स्वतःच्या तोंडावरचा हात काढून तिनं तो आईच्या तोंडावर ठेवला आणि दाबला.

"गप," ती म्हणाली. "बाळ उठंल."