दस्तीत गुंडाळलेला वारा

आष्टीच्या बाजाराजवळ, गोदामाच्या छतावर चौदा-पंधरा वर्षं फिरलेला वारामापक बोलतोय मी. तीन वाट्या, एक दांडा आणि एक तबकडी, एवढाच माझा संसार. तबकडीवरचा लाल काटा दिवसातला सगळ्यात जोराचा वारा दाखवून तिथंच थांबायचा. खोटं बोलणं मला जमतच नाही.

१९८४ साली मला गोदामाचे चौकीदार तातेराव यांच्या हवाली केलं. रोज सकाळी काटा बघून आकडा वहीत लिहायचा, एवढंच त्यांचं काम. पण मला तेल घालायचे, पुसायचे, जावयासारखं जपायचे.

ते जपणंच नडलं. आभाळ अंधारून आलं की तातेराव धावत शिडी चढायचे. "लई वारं सुटून राह्यलंय. मोडला तर दुसरा कुठून आणावा?" असं पुटपुटत मला उतरवायचे आणि खांद्यावरच्या दस्तीत गुंडाळायचे. सकाळी वहीत आदल्या दिवसाचाच आकडा पुन्हा लिहायचे. झुळका सगळ्या मोजल्या मी, वादळ एकही नाही.

१९९६ मध्ये बाजारावर पत्र्याची शेड घालायची ठरली. इंजिनिअर संपतरावांनी त्या वह्यांतला सगळ्यात मोठा आकडा शोधला आणि गणित मांडलं: पन्नास वर्षांत छप्पर उडायची शक्यता शंभरात एक. मग बोल्टही त्याच हिशेबानं मोजकेच बसवले. मला ओरडावंसं वाटलं, पण वाट्यांना तोंड कुठलं?

शेडखाली भाजी विकणाऱ्या गिरिजाबाईंनी एकदा विचारलं, "भाऊ, हे उडायचं न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई. म्या सोता मोजलंय," तातेराव म्हणाले.

तिसऱ्या उन्हाळ्यात, भर बाजारात वादळ आलं. तातेरावांनी मला नेहमीसारखं उतरवलं. मी त्यांच्या मांडीवर सुखरूप होतो आणि समोर पत्रे उडत होते. एक पत्रा गिरिजाबाईंच्या पायावर आला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीत संपतरावांनी विचारलं, "वादळाच्या दिवशीही आकडा घेत होतात ना?"

तातेरावांनी मान खाली घातली. "बराबर घेतला, साहेब. मशीनच खोटी निघाली."

ज्यानं जपलं त्यानंच केसानं गळा कापला. गिरिजाबाईही आता मलाच शिव्या देतात.

मी आज तातेरावांच्या माळ्यावर, त्याच दस्तीत आहे. मला भंगारात द्यायला त्यांचा हात धजत नाही आणि खरं सांगायला जीभ रेटत नाही. बाहेर वारा सुटला की मला ऐकू येतो, पण वाट्या हलत नाहीत.

तातेराव, माझी गाठ सोडा. मला पुन्हा छतावर चढवा. वादळात मोडलो, तर वहीत तसंच लिहा.