वहीवाली

सरांनी वही मिटली नाही. ती तशीच उघडी ठेवून ते शाळेच्या त्या वर्गात आमच्याकडे पाहत राहिले. बाहेर टाकीचा नळ ठिबकत होता. यशराज बुटांवरचा मुरूम न्याहाळत होता, जयराज खिडकीतून उतरतं ऊन पाहत होता; बाकीचे तिघे एकमेकांच्या खांद्याआड झाले होते. ती नजर कुणाकडे वळणार हे मला आधीच कळलं होतं.

"आठ सेंटिमीटर," सर म्हणाले. "लिहिताना चुकलं असणार."

सांगलीच्या आमच्या कॉलेजातून सिव्हिल डिप्लोमाचे चोवीस विद्यार्थी वडूजजवळच्या माळावर सर्वेच्या शिबिराला आले होते, मुक्काम तिथल्या शाळेत. चोविसांत मुली चार, आणि गटही चार. हा योगायोग नव्हता. पहिल्या वर्षी गट पाडतानाच सरांनी प्रत्येक गटात एकेक मुलगी टाकली होती, कारण दुर्बिणीतून वाचलेले आकडे वहीत उतरवायला कुणीतरी लागतं, आणि मुलींचं अक्षर बरं असतं. मुलं आम्हांला वहीवाल्या म्हणत. कुणाच्या वहीवालीचं अक्षर चांगलं, यावर जेवताना पैजा लागत, आणि त्यात आपण कौतुक करतो आहोत असं त्यांना मनापासून वाटे.

त्या दिवशीचं काम साधं होतं. उंची माहीत असलेल्या एका दगडापासून निघायचं, तिवईवर बसवलेली लेव्हल जागोजाग मांडून तिच्या दुर्बिणीतून स्टाफवरचे, म्हणजे त्या उंच आखीव पट्टीवरचे, आकडे वाचत, वाटेतल्या दगडांवर लाल खुणा करत माळ फिरायचा आणि पुन्हा त्याच दगडाशी यायचं. परत आल्यावर दगडाची उंची होती तेवढीच भरली पाहिजे. आमची आठ सेंटिमीटर कमी भरली.

सर्वेच्या वहीत खोडरबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, वर खरा आकडा लिहायचा आणि शेजारी लिहिणाऱ्याने सही करायची. सही याचा अर्थ, मी ऐकलं बरोबर आणि लिहिलं चूक. सकाळी आठला वह्या जमा होतील, तोवर रेघ मारून सही कर, असं सरांनी मला सांगितलं. मी एकदा स्वतः दुर्बिणीतून पाहू का, असं मी विचारलं. त्यांनी ते रागाने नव्हे, जवळजवळ मायेनेच मोडून काढलं. पाहायला पाच जण आहेत, म्हणाले, तू कशाला उन्हात उभी राहतेस.

ऊन. दुपारच्या वेळी दुर्बीण तापू नये म्हणून तिच्यावर छत्री धरतात. छत्रीच्या सावलीत यशराज वाकलेला असायचा, आणि दोन हातांवर उन्हात, वही कोपरावर टेकवून, मी. घरून, रहिमतपूरहून, आईचा फोन येई. तिथं काय करतीस, ती विचारी. लिहिते, मी सांगे. बरं झालं बाई, उन्हातलं काम न्हाई, ती म्हणे, आणि माझ्या हातातली वही इतकी तापलेली असे की शाई कागदावर पडल्याबरोबर वाळून जाई.

दोन वर्षं मी त्या काचेपाशी दोन हातांवर उभी होते. एखाद्या घराच्या अंगणात रोज यावं आणि उंबरा कधी ओलांडू नये, तसं. यशराज एक डोळा मिटून त्या नळीत पाहायचा तेव्हा त्याचा चेहरा फार दूर गेलेल्या माणसासारखा व्हायचा. तो तिथे काय पाहतो, हे मी त्याला एकदा विचारलं होतं. "आकडं दिसत्यात," तो म्हणाला होता. गटात मला नावाने हाक मारणारा तो एकटाच. तासगावमार्गे सांगलीला जाणाऱ्या एसटीत तो माझ्यासाठी खिडकीशी दप्तर ठेवून जागा धरी. त्या जागेबद्दल मी त्याची ऋणी होते, आणि ऋणापलीकडचंही काही होतं, ज्याला मी नाव दिलं नव्हतं. त्याचा आवाज मला पाठ होता. म्हणूनच मला आठवत होतं की पाचव्या खुणेवर तो अडखळला होता. डोळा काढला, पुन्हा लावला, आणि म्हणाला, "एक चव्वेचाळीस." मी एक मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटरच लिहिलं होतं.

सर गेल्यावर जयराज माझ्याजवळ आला. आपण पाचव्या खुणेचं एक छत्तीस करू, सगळं जुळतंय, म्हणाला. त्यानेही नेमका तोच आकडा शोधला होता. म्हणजे अडखळणं त्यानेही ऐकलं होतं.

"आगं, एक सही तर हाय," तो म्हणाला. "जमीन लिहून देतीस का काय?"

सगळे हसले. यशराज हसला नाही; खाली वाकून बुटांवरचा मुरूम झटकू लागला. मे महिन्यात कालव्याच्या मोजणीला प्रत्येक गटातून एकाला पाठवणार होते, लेव्हल चालवणाऱ्याला. आमच्या गटातून त्याचं नाव गेलं होतं. त्या यादीत माझं नाव येण्याची एकच वाट होती, लेव्हल कधीतरी माझ्या हाती येणं, आणि माझी सही ती कायमची बुजवणार होती.

जेवणाच्या पंगतीतून उठताना मी त्याला गाठलं. चौथी आणि पाचवी खूण उद्या उजाडताच पुन्हा पाहू, म्हटलं. स्टाफ तू धर.

"आन् लेव्हलवर?"

"मी."

त्याने ताट या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाला, "बरं."

सकाळी माळावर दव होतं आणि काढणी झालेल्या ज्वारीच्या धसकटांचा वास. तिवई मी माझ्या खांद्यावरून नेली. पाय रोवले, स्क्रू फिरवत बुडबुडा मध्यावर आणला; माझे हात हे सगळं नुसतं पाहून शिकले होते, आणि ते चुकले नाहीत याचं मलाच नवल वाटलं. दूर, दगडावरच्या लाल खुणेवर, यशराजने स्टाफ उभा केला.

मी डोळा लावला.

आभाळ खाली होतं. माळ वर होता, धसकटांसह उलटा टांगलेला, आणि त्या टांगलेल्या जमिनीला पाय चिकटवून यशराज डोक्यावर लोंबत होता. नव्या लेव्हलमध्ये सगळं सरळ दिसतं. या शिबिरात आमच्या गटाच्या वाट्याला कॉलेजातली जुनी आली होती, जिच्यात प्रतिमा उलटी दिसते. परीक्षेत मी हे लिहिलं होतं, दोनपैकी दोन गुण मिळाले होते. पण हे असं असतं, इतकं अलगद, इतकं थरथरतं, जणू सगळा मुलूख काचेतल्या त्या बारीक तारेवर वाळत घातलाय, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी बुबुळ हलवलं नाही. एवढ्यासाठी दोन वर्षं, असं वाटलं, आणि त्याच क्षणी हेही, की एवढ्यासाठी आणखी दोन वर्षं उभी राहिले असते.

पाचव्या खुणेवर मी वाचलं, एक चौतीस. मग थबकले. उलट्या प्रतिमेत आकडे खाली वाढत जातात, आणि मी तेराच्या, म्हणजे एक तीसच्या, रेषेपासून वर चार घरं मोजून ती मिळवली होती, सरळ पट्टी वाचायच्या सवयीने. वजा करायची होती. एक सव्वीस. लेव्हल आज वेगळ्या उंचीवर मांडली होती, म्हणून आकडा कालचा नव्हता. दोन्ही खुणा पुन्हा वाचल्या. त्यांच्यातला फरक वहीतल्यापेक्षा नेमका आठ सेंटिमीटर जास्त भरला.

मी यशराजला हाक मारून बोलावलं. त्याने स्टाफ दगडाला टेकवला, येऊन डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"उलटं मोजलं मी," अखेर तो म्हणाला.

"मीही पहिल्यांदा तसंच मोजलं."

त्याला हे ऐकून बरं वाटलं असावं. तो सरळ उभा राहिला. "माझं नाव गेलंय, स्वप्नाली. आता सरांना हे कळलं तर..." पुढचं त्याने गिळलं. मग हळू, समजावल्यासारखं, "तू सही केलीस तर तुझं काय जातंय? तुला कुठं लेव्हलवर जायचंय?"

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरोखर तसं वाटत होतं. एसटीतल्या खिडकीशी माझ्यासाठी जागा धरताना, छत्रीखालून आकडे सांगताना, दोन वर्षं त्याला तसंच वाटत होतं. कुणी माझं काही हिरावून घेतलंय असं मला वाटलं नाही. माझं काही होतं, हेच कुणाला दिसलं नव्हतं.

"मला जायचंय," मी म्हणाले. हे मी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. "पहिल्या दिवसापासून जायचं होतं. मी सही करणार नाही, यशराज. पण आठला सर विचारतील आकडा कुणी चुकवला, तेव्हा ते माझ्या तोंडून जायला नको. तू सांगशील?"

शाळेकडून भांड्यांचा आवाज आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मग दगडाजवळ जाऊन त्याने स्टाफचे भाग एकात एक सारले, तो खांद्यावर टाकला आणि धसकटांमधून शाळेच्या दिशेने, सरांच्या खोलीकडे चालू लागला.