गप्प बसलेली माणसं

माझा भाऊ अल्सीद म्हणजे नुसता हट्टाचा गोळा. सत्तेचाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवली आणि गेल्या वर्षी एके दिवशी कपाटावर टाकून दिली. "ओठ संपले, क्लोतिल्द, फुंकवत नाही आता," एवढंच म्हणाला. बँडवाले बोलवायला आले की हा पांघरुणात शिरून आजाऱ्याचं सोंग घ्यायचा. आमच्याकडे दर सोमवारी ठरलेला, त्याचा आवडता राजमा-भातसुद्धा भिंतीकडे तोंड करून खायचा. माझा जीव तीळतीळ तुटायचा. तो परत वाजवायला लागावा म्हणून मी किती नवस बोलले, ते देवालाच ठाऊक.

त्याचं शेवटचं वाजवणं न्यूयॉर्कच्या लोकांनी फिल्मवर घेतलं होतं. न्यू ऑर्लीन्सचा बँड कसा वाजतो ते त्यांना जगाला दाखवायचं होतं. ती फिल्म परवा रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, चर्चच्या हॉलमध्ये लावली. हा येईना.

"स्वतःची फजिती दोनदा बघायला मी काय खुळा आहे?"

"नको येऊस. उद्यापासून आपलं आपण रांधून खा," मी म्हटलं.

मुकाट आला. दाराजवळची खुर्ची धरली, पळायला सोपी म्हणून.

दिवे मालवले. पडद्यावर अल्सीदने पहिली तान घेतली आणि आमच्या हॉलमध्ये जो काही गलका झाला! आमच्याकडे बँड वाजत असताना बसून राहणं म्हणजे वाजवणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. मयताहून परततानासुद्धा आम्ही रुमाल-छत्र्या फिरवत बँडमागे नाचत येतो, मग पडद्याचं काय घेऊन बसलात? जाडी युलाली रुमाल फिरवत उठली. न्हावी ओनेझिम छत्री उघडून खुर्च्यांमधून सुटला. "वाजव रे राजा!" लोक पडद्याला ओरडून सांगत होते आणि प्रोजेक्टरवाला बिचारा "खाली बसा हो, डोकी येतायत!" म्हणून कोकलत होता.

मग पडद्यावर श्रोते दिसले. अगबाई, आम्हीच की! हात मांडीवर, तोंडं शिवलेली. पहिल्या रांगेत मी, दगडासारखी.

अल्सीद ताडकन उठला.

"बघा, बघा स्वतःला! आज कापडापुढे नाचताय. मी जिवंत समोर उभा होतो, तेव्हा एकाचा पाय हलला नाही. तेव्हाच कळलं मला, माझ्यात आता काही उरलं नाही. म्हणून ठेवली क्लॅरिनेट."

युलालीचा रुमाल खाली आला. पडद्यावरचा अल्सीद तेवढा वाजवत राहिला.

"अहो अल्सीदकाका," ओनेझिम छत्री मिटत म्हणाला, "त्या फिल्मवाल्यांनी दारातच दम दिला होता आम्हाला. खोकलात तरी बाहेर काढू म्हणाले. आवाज बिघडतो म्हणे. तुम्ही तेव्हा आत सूर जुळवत होतात."

"पाय आवरता आवरता पोटऱ्यांत गोळे आले माझ्या!" युलाली म्हणाली. "दोन दिवस लंगडत होते, विचार हवं तर."

अल्सीद माझ्याकडे वळला. "आणि हे मला कुणीच सांगितलं नाही?"

"तू त्या दिवशी वाजवून झाल्या झाल्या मागच्या दाराने निघून गेलास," मी म्हटलं. "मला वाटलं, तुला माहीतच असणार." चौदा महिने एका घरात राहून या माणसाला मी सूप पाजलं, काढे पाजले, आणि हे एक वाक्य काही बोलले नाही. माझी मलाच चीड आली आणि मी तिथेच रडायला लागले.

"गाढवं आहात," अल्सीद म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले. "सगळीच्या सगळी गाढवं. आणि मी तुमचा मुकादम."

मग प्रोजेक्टरवाल्याला म्हणाला, "बाबा रे, पहिल्यापासून लाव."

फिल्म पुन्हा सुरू झाली. त्याने आपली खुर्ची उचलली, सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवली आणि पडद्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसला.

"हं," म्हणाला, "आता नाचा. मला डोळे भरून बघू दे."