अळीचा घास

मी एक जुनी बियाण्याची पुडी आहे. मित्रांनो, बीटी कपाशीच्या मोठ्या पाकिटासोबत माझ्यासारखी लहान पुडी मिळते. माझ्यातलं बी साधं. ते शेताच्या कडेने लावायचं आणि बोंडअळ्यांना खुशाल खाऊ द्यायचं, एवढंच माझं काम. बीटी खाऊन अळी मरते. पण एखादी तगते. तिचा पतंग होतो, आणि त्याची जोडी माझ्या झाडांवर पोसलेल्या साध्या पतंगाशी जमली, की पिल्लं पुन्हा बीटीने मरतात. मी नसले, तर तगलेल्यांची जोडी तगलेल्यांशीच जमते, आणि त्यांची पिल्लं बीटीलाही पुरून उरतात.

२०११ साली कल्पना बाळंतपणाला परभणीकडे माहेरी होती. ऐन पेरणीत तिची तान्ही जुईली रडून लाल झाली. कल्पनाने हाताशी पडलेल्या मलाच हलवलं. खुळखुळ! जुईली गप्प.

कल्पनाचे वडील, विश्रामआबा, मला पेरणीसाठी न्यायला आले.

"राहू द्या ना आबा, आत्ता कुठं गप झालीय."

"ऱ्हाऊ दे. अळीला जेवाय घालून कुणाचं भलं झालंय!" आबा हसले. "कडंनी बी बीटीच लावतो."

भाकरीचा पहिला तुकडा गाईसाठी काढणारे आबा अळीचा घास मात्र विसरले. आणि मी? मला आनंदच झाला. अळीच्या तोंडापेक्षा ती इवलीशी मूठ किती गोड! मग खुळखुळा होऊनच मी कल्पनाच्या घरी, पुण्याजवळच्या मुळशीत, सूसच्या सोसायटीत आले.

२०१७च्या डिसेंबरात आबा लेकीकडे आले. पिशवीतलं बोंड त्यांनी फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

"बीटी हाय म्हणं! निम्मी बोंडं किडली. कापूस मोडावाच लागतोय आता."

माझ्यासारख्या पुड्या गावात घरोघरी पडून होत्या, दोष माझ्या एकटीचा नव्हता, हे खरं. तरी मला तोंड लपवावंसं वाटलं. तेवढ्यात पहिलीतल्या जुईलीने माझ्यावरची अक्षरं जुळवली, "शे-ता-च्या क-डे-ने ला-वा-वे. आबा, मग लावलं का नाही?"

आबांनी किडकं बोंड खाली ठेवलं.

"मीच मागितली होती," कल्पना पुटपुटली.

"तू मागितलीस, बाई. दिली तर मीच न्हवं?"

जुईलीने मला फोडून बी कुंडीत लावलं. पंधरा दिवस रोज पाणी घातलं. एकही उगवलं नाही; इतक्या वर्षांत बी मेलं होतं.

जाताना आबांनी माझा रिकामा कागद घडी करून खिशात ठेवला.

"पुढच्या पेरणीला आधी अळीचा घास. नक्की हं, आबा!" जुईलीने बजावलं.

"व्हय गं माय."

मित्रांनो, मला खूप लाड मिळाले. पण माझं काम ते नव्हतं. तुमच्या घरी माझी बहीण आली, तर तिला जपून ठेवू नका. मातीत जाऊ द्या, अळीला खाऊ द्या.