ओ वरच्या मजल्यावरून

“यंत्र रुसलं म्हणून त्याच्यावर डाफरू नये, बाळा. हाक कुणाला मारलीस आणि ओ कुणी दिली, एवढं आधी बघावं.”

लेक नऊ वर्षांची असताना बाबांनी सांगितलेलं. आज ती छापखान्यात खाली बसून हेच मनात घोळवत होती. छापखाना बापलेकीचा. औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवतात ती माहितीपत्रकं इथे छापली जात. मजकूर वरच्या मजल्यावर, बाबांच्या संगणकात. खालच्या टर्मिनलवरून ती त्यातच शिरायची, ‘लिही’ टाइप करून फाइलचं नाव द्यायची, की समोरच्या काळ्या पडद्यावर मजकूर उघडायचा. ‘लिही’ ही दोघांची खूण, बाबांनीच घालून दिलेली.

आज मजकूर उघडेना. एकच ओळ येऊन बसली: वाट पाहत आहे.

“कुणाची रे? माझ्या लग्नाची?” ती पडद्यावर करवादली.

“त्याची तर आम्हीही बघतोय, ताई,” छपाईयंत्रावरचे मामा हात पुसत म्हणाले. “पण चारला गाडी येईल, ती थांबायची नाही. मजकूर द्या.”

बाबांनी सकाळीच सही करून मजकूर मंजूर केला होता. खाली फक्त तारीख घालायची राहिली होती. तिनं वायर हलवून पाहिली, टर्मिनल बंद करून उघडलं, दुसरी फाइल मागवली. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वर फोन लावला.

“बाबा, सेटिंगमध्ये काही बदललंत का?”

“मी कशाला हात लावू?” बाबा पटकन म्हणाले. जरा जास्तच पटकन.

मग तिनं यंत्रालाच विचारलं, ‘लिही’ म्हटल्यावर ओ कोण देतं? मजकूर उघडणारा एडिटर प्रोग्राम तोच होता. पण ‘इथेच, टर्मिनलमध्ये उघड’ असं त्याला सांगणारी, हुकुमामागे जोडलेली शेपटी कुणीतरी छाटली होती. शेपटी नसली की फाइल एडिटरच्या आधीच उघड्या असलेल्या खिडकीत जाऊन बसते, आणि टर्मिनल तिथलं काम संपायची वाट पाहत राहतं. आणि उघडी खिडकी एकच होती, बाबांच्या पडद्यावरची.

ती जिना चढून गेली.

बाबांचं नाक पडद्याला टेकायचं बाकी होतं. तिची फाइल तिथेच होती. अक्षरं काडेपेटीएवढी, एका ओळीत जेमतेम तीन शब्द. शेजारी सही केलेला कागद पडला होता. तिनं तो उचलला, वाचला, पुन्हा वाचला. मग बाबांच्या हातात दिला.

“लहान मुलांचा डोस वाचा ना.”

बाबांनी कागद जवळ धरला, लांब धरला, दिव्याखाली नेला. “शून्य पूर्णांक पाच मिली,” ते ठाम स्वरात म्हणाले. दर वर्षी हेच पत्रक छापलं जायचं, त्यांना तोंडपाठ होतं.

कागदावर नुसते पाच होते.

तिनं जिन्याशी जाऊन खाली हाक दिली, “मामा, यंत्र लावू नका. गाडीवाल्याला उद्या या म्हणावं.” परत येऊन ती बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसली.

बाबांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“ती शेपटी आज मीच काढली,” ते म्हणाले. “इथेही काळ्या पडद्यावरची बारीक अक्षरं लागत नव्हती. खिडकीत मोठी करता येतात. पण कागदावरची कशी करू? दोन महिने झाले, बाळा. मी न वाचताच सही करतोय.”